कणा सरळ झाला, पुढे काय?

पाठीचा कणा मागून पाहिला तर सरळ दिसायला हवा. काही मुलांमध्ये मात्र वाढीच्या वयात तो एका बाजूला झुकत जातो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळलाही जातो. पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या वर येतात, एक खांदा उंच दिसतो, कंबर असमान होते. या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. कुमारवयात आढळणाऱ्या बहुसंख्य उदाहरणांत त्याचे कारण सापडत नाही. शंभरातील दोन-तीन मुलांत थोडीफार वक्रता असते. पण ती फार वाढते ती मोजक्यांचीच, आणि त्यांत मुली बऱ्याच जास्त असतात. वक्रता साधारण ४५ ते ५० अंशांपुढे गेली की शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे कशावरून ठरवायचे? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरासाठी वैद्यकाला दीडशेहून अधिक वर्षे चाचपडावे लागले. नेमके काय मोजायचे, हेच आधी ठरत नव्हते.

पॅरिसमधील ज्यूल गेरँ हे शल्यविशारद १८३९ च्या सुमारास पाठीचे स्नायू कातडीखालून कापून वक्रता दूर करत आणि उत्तम यश मिळाल्याचे सांगत. जोसेफ मालगेन या दुसऱ्या शल्यविशारदांनी एक साधी गोष्ट केली. गेरँ यांचे रुग्ण त्यांनी पुन्हा तपासले. दावा केलेली सुधारणा त्यांना आढळली नाही. गेरँ बदनामीचा आरोप घेऊन न्यायालयात गेले आणि हरले. उपचार करणाऱ्याचे मत आणि उपचाराचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या प्रकरणाने दिला.

विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे रसेल हिब्ज यांनी वेगळा मार्ग काढला. मणक्यांच्या मागील बाजूस हाडाचे तुकडे रचून शेजारचे मणके एकमेकांना सांधायचे, म्हणजे ते मिळून एकच हाड होते आणि वक्रता वाढायची थांबते. क्षयाने पोखरलेल्या कण्यासाठी १९११ साली वापरलेली ही पद्धत त्यांनी १९१४ मध्ये स्कोलिओसिससाठी वापरली. मणके सांधेपर्यंत रुग्णाला प्लास्टरमध्ये कित्येक महिने पडून राहावे लागे. १९४१ साली अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने ४२५ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये उपचारांचा निकाल बेताचा किंवा वाईट निघाला. आपल्याच व्यवसायाची अशी तपासणी करून ती छापणे, हे धैर्याचे काम होते.

मोजमापाला शिस्त आली ती १९४८ मध्ये. जॉन कॉब यांनी क्ष-किरण चित्रावर वक्रतेच्या वरच्या व खालच्या टोकाला सर्वांत जास्त कललेले मणके निवडायला सांगितले. वरच्या मणक्याच्या वरच्या कडेलगत एक आणि खालच्या मणक्याच्या खालच्या कडेलगत दुसरी रेषा काढायची. त्या दोन रेषांमधील कोन म्हणजे वक्रता. कंपासपेटीतला कोनमापक पुरतो! पद्धत इतकी सोपी होती की ती जगभर रूढ झाली आणि आजही वापरात आहे. दोन डॉक्टरांनी एकच चित्र मोजले तरी चारपाच अंशांचा फरक पडू शकतो, एवढे मात्र लक्षात ठेवायला हवे.

पुढे ह्यूस्टनमध्ये पोलिओने कणा वाकलेली मुले पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे येऊ लागली. त्यांनी पोलादी दांडा तयार केला. त्याच्या टोकांचे आकडे मणक्यांत अडकवायचे आणि गाडीचा जॅक चढवावा तसे खाचाखाचांनी अंतर वाढवत कणा ताणायचा. हे काम त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. दांडा म्हणजे स्लॅबखालचे सेंटरिंग. खरा भार पुढे सांधलेल्या हाडानेच पेलायचा असतो. फरक इतकाच की हे सेंटरिंग बहुधा काढत नाहीत.

समोरून घेतलेल्या चित्रात कोन छान कमी झालेला दिसे. परंतु कण्याला बाजूने पाहिले तर कंबरेशी एक नैसर्गिक पोकळ बाक असतो. दांडा कंबरेपर्यंत खाली नेला की ताणामुळे तो बाक सपाट होई. अशा काही रुग्णांना बऱ्याच वर्षांनी ताठ उभे राहणे जड जाऊ लागले. ते पुढे झुकत, तोल सावरायला गुडघे वाकवत, कंबर दुखे. कोन सुधारला होता आणि माणूस मात्र त्रासात होता. १९८० च्या दशकात फ्रान्सचे इव्ह कोत्रेल व ज्याँ द्युबूसे यांनी दोन दांडे आणि अनेक आकडे वापरून तिन्ही मितींत दुरुस्ती करायची पद्धत आणली, त्यामागे हाही अनुभव होता.

मग रुग्णालाच का विचारू नये? १९६६ साली स्थापन झालेल्या स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीच्या नावाने १९९९ मध्ये एक प्रश्नावली आली. पुढे तिचे २२ प्रश्नांचे रूप रूढ झाले. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, आणि विषय पाच: दैनंदिन हालचाल, वेदना, स्वतःच्या रूपाबद्दलची भावना, मनःस्वास्थ्य आणि उपचारांबद्दलचे समाधान. शस्त्रक्रियेनंतर सर्वांत ठळक सुधारणा बहुधा रूपाबद्दलच्या भावनेत दिसते. मात्र कोन किती अंशांनी कमी झाला आणि गुण किती वाढले, यांचा संबंध अगदी क्षीण आढळतो. हे समजण्यासारखे आहे. मुलगी आरशात खांदे आणि कंबर पाहते, कोन पाहत नाही.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे आइना डॅनियलसन व आल्फ नाकेमसन यांनी कुमारवयात शस्त्रक्रिया झालेल्यांना वीसहून अधिक वर्षांनी गाठले. २००१ च्या त्यांच्या अहवालानुसार या लोकांची जीवनाची गुणवत्ता एकंदरीने इतरांसारखीच होती. तरीही जवळजवळ निम्म्यांनी पाठीमुळे मित्रमंडळींत मिसळण्यावर मर्यादा येतात असे सांगितले, आणि त्यामागे वेदनेपेक्षा अवघड हालचाली व रूपाचा संकोच ही कारणे जास्त होती. बेरीज ठीक असली तरी एखाद्या विषयात गुण कमी असू शकतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

पण शस्त्रक्रिया केलीच नाही तर? नाकेमसन यांच्याच १९६८ च्या पाहणीत अकाली मृत्यूंचे चित्र भयावह होते; परंतु त्यात पोलिओसारख्या कारणांनी कणा वाकलेलेही होते. कारण अज्ञात असलेल्यांची स्वतंत्र पाहणी अमेरिकेत आयोवा येथे झाली. २००३ च्या त्या अहवालात उपचार न घेतलेल्या ११७ जणांची पन्नास वर्षांनंतरची स्थिती आहे. बहुतेकांनी कामाधंद्याचे, संसाराचे आयुष्य जगले होते. जुनाट पाठदुखी ६१ टक्क्यांना होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतरांत ३५ टक्क्यांना. छातीच्या भागातील फार मोठ्या वक्रतेत धाप लागण्याचा धोका वाढतो. म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी नसते, ती पुढची पन्नास-साठ वर्षे कशी जातील यासाठी असते. म्हणूनच जगण्याबद्दल विचारल्याशिवाय तिचे मोल कळत नाही.

शाळेचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८६५ मध्ये वर्णन केलेल्या चाचणीत मूल गुडघे न वाकवता पुढे वाकते आणि पाठीची एक बाजू उंच दिसते का, ते पाहतात. कवायतीच्या तासाला अशी शंका आली तर पालकांना एकांतात सांगावे. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकडे बसल्याने हा विकार होतो असा पुरावा नाही, तेव्हा मुलाला दोष देऊ नये. शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या विद्यार्थ्याला डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही कवायतीच्या तासाला कायमचे बाकावर बसवून ठेवले, तर त्या २२ प्रश्नांतील काही गुण आपणच कापतो.