‘नसेल’ आणि ‘असणें शक्य नाहीं’



संध्याकाळीं फिरून घरीं परतलों कीं, आमच्या जुळे सोलापुरांतील शेजारची एक शाळकरी मुलगी पुष्कळदां इंग्रजीची वही घेऊन येते. परवां तिनें एका वाक्यावर बोट ठेवलें. ‘घरांत दिवा दिसत नाहीं, काका घरीं नसतील,’ एवढेंच तें मूळ मराठी वाक्य. तिनें त्याचें इंग्रजी करतांना ‘कॅनॉट बी’ असें लिहिलें होतें आणि बाईंनीं त्यावर लाल रेघ ओढून ‘मे नॉट बी’ असें केलें होतें. “आजोबा, दोन्हींत ‘नॉट’ आहेच ना? मग माझें चुकलें कुठें?” असा तिचा प्रश्न.

प्रश्न लहान, पण त्याच्या मागें मोठा इतिहास आहे. ‘मे नॉट बी’ ह्यांत काका घरीं नसण्याचा संभव सांगितला आहे. ते असण्याचाही संभव उरतोच. ‘कॅनॉट बी’ ह्यांत असण्याचा संभवच खोडून टाकला आहे. पहिल्या ठिकाणीं नकार असण्याला लागतो, दुसऱ्या ठिकाणीं तो संभवाला लागतो. त्यांतून आणखी एक गंमत अशी कीं, ‘मस्ट बी’, म्हणजे ‘असलेच पाहिजेत’, ह्या अनुमानाच्या उलट साधारणपणें ‘मस्ट नॉट’ येत नाहीं. तो बहुधा निषेध होतो. उलट अनुमान सांगण्यास पुनः ‘कॅनॉट’कडेच धांव घ्यावी लागते.

ह्या दोन भाषांमध्यें पूल बांधण्याचें काम ज्यांनीं अंगावर घेतलें, त्यांच्यापैकीं एकाच्या कार्याचा आरंभ आमच्याच गांवीं झाला. १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रो ह्याच्या फौजेनें सोलापूर घेतलें, आणि त्याच सालीं येथें असतांना कंपनीच्या लष्करांतील जेम्स मोल्सवर्थ हा तरुण अधिकारी मराठी शब्द टिपूं लागला. पुढें त्याला जॉर्ज आणि टॉमस कँडी हे बंधू साहाय्यक मिळाले. हे दोघे जुळे भाऊ होते. जुळे सोलापुरांत राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं! शास्त्रीपंडितांच्या मदतीनें सिद्ध झालेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें छापून निघाला. प्रकृति बिघडल्यामुळें मोल्सवर्थ १८३६ मध्यें स्वदेशीं गेला, तेव्हां इंग्रजी-मराठी कोशाचें काम टॉमस कँडी ह्यानें पुरें करून १८४७ मध्यें प्रसिद्ध केलें.

परंतु कोश तो कोश. त्यांत क्रियापदाचें मूळ रूप सांपडतें. ‘नसेल’ आणि ‘नसावा’ ह्यांमधील अंतर मात्र प्रत्ययांत दडलेलें असतें. इंग्रज मनुष्य संभव सांगण्यास निराळें क्रियापद जोडतो, आपण बहुधा त्याच क्रियापदाचें रूप पालटतों. ‘नसेल’ हें रूप भविष्यकाळाचें, पण तें आतांचीच शंका सांगतें. ‘नसावा’ हें विध्यर्थाचें, पण त्यांत कर्तव्याचा लेशही नाहीं. बोलणाऱ्यानें कांहीं खूण पाहून अनुमान बांधलें आहे, एवढेंच त्यांत आहे. दादोबा पांडुरंग ह्यांचें व्याकरण १८३६ चें. मराठी क्रियापदाची ही घडण इंग्रजी व्याकरण शिकलेल्या पिढीपुढें नीट मांडण्याचा तो पहिला मोठा यत्न होय.

शब्दांचे अर्थही एका जागीं बसून राहत नाहींत. ‘खोटें बोलूं नये’ ह्यांत आज आपण निषेध ऐकतों. जुन्या मराठींत मात्र ‘बोलूं ये’ म्हणजे बोलतां येतें आणि ‘बोलूं नये’ म्हणजे बोलतां येत नाहीं, असा अर्थ असे. जें शक्य नव्हतें, तेंच पुढें अनुचित ठरलें. इंग्रजींतील ‘मे’चा मूळ अर्थ अंगीं बळ असणें, त्यांतून संभव आणि परवानगी असे दोन्ही अर्थ निघाले, आणि म्हणूनच ‘यू मे नॉट गो’ ह्यांत आजही मनाई ऐकूं येते. ‘कॅन’चा मूळ अर्थ तर जाणणें. ‘मला कानडी येते’, ‘मला पोहतां येतें’ असें म्हणतांना आपणही जाणण्यावरूनच शक्य होण्याकडे जातों. अलीकडे ‘तो चोर असूं शकत नाहीं’ अशीं वाक्यें सर्रास दिसतात. तीं चुकीचीं आहेत असें मी म्हणणार नाहीं, पण मला त्यांत ‘कॅनॉट’चा वास येतो. आमची आजी म्हणाली असती, ‘तो चोर असेलच कसा?’ आणि त्या वाक्याअखेरचें प्रश्नचिन्ह मराठींत रुळविण्याचें श्रेय पुनः कँडीसाहेबांकडेच जातें. विरामचिन्हांवरील त्यांचें पुस्तक १८५० चें आहे.

हा भेद वहीपुरता असता तर मीं आपला वेळ घेतला नसता. इंग्रजी अमदानींत साक्षीदार मराठी, कानडी वा तेलुगूंत बोले आणि साहेब न्यायाधीश आपलें टिपण इंग्रजींत करी. ‘तो तवा तिथं नसंल, साहेब,’ असें एखादा शेतकरी म्हणाला, तर ‘मे नॉट हॅव बीन’ लिहावयाचें कीं ‘कुड नॉट हॅव बीन’? पहिल्यानें केवळ शंका उभी राहते, दुसऱ्यानें आरोपीची सुटकाच होते. आणि तो ‘नसावा’ म्हणाला, तर दोन्हीं लिहून चुकेल.

कायदा ह्या बाबतींत व्याकरणाहून दक्ष निघाला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्यानें रचलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत गोष्टीच्या तीन अवस्था सांगितल्या होत्या: शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेली. नाशाबीत म्हणजे ती गोष्ट नाहींच, असें न्यायालयास वाटणें. शाबीत न झालेली म्हणजे ती असेलही, नसेलही. खुनाच्या आरोपीला सुटण्यास ‘त्यानें केला असणें शक्य नाहीं’ इथपर्यंत जावें लागत नाहीं. ‘त्यानें केला नसेल’ ही सयुक्तिक शंका पुरते. त्याच कायद्यांत कलकत्त्यांतील गुन्ह्याच्या दिवशीं आरोपी लाहोरास होता, असें एक उदाहरण दिलेलें होतें. आणि त्याला जोडूनच, अंतरामुळें गुन्हा करणें अशक्य नव्हे पण फार असंभवनीय ठरतें, अशी बाबही विचारांत घेण्याजोगी मानली होती. तो कायदा २०२४ च्या १ जुलैपासून गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण त्या तीन अवस्था तशाच राहिल्या आहेत.

मुलीच्या वहींत पुढचें वाक्य असें होतें: ‘दाराला बाहेरून कुलूप आहे, काका घरीं असणें शक्य नाहीं.’ तिनें थोडा वेळ पेन्सिल चावली, आणि मग मला न विचारतां ‘कॅनॉट’ असें लिहिलें.