उमजलेले बालगंधर्व

माझा नातू अमेरिकेत, बॉस्टनला असतो. त्याला जॅझचा नाद आहे. अधूनमधून तो मला फोनवर गाणी पाठवतो आणि मीही ती ऐकते. कळतात असं नाही, पण नातवाने पाठवलेलं ऐकायचं नाही तर काय करायचं! मध्यंतरी त्याने कॅसँड्रा विल्सन या गायिकेची गाणी पाठवली. बिली हॉलिडे ही जुनी, फार मोठी गायिका. तिच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०१५ साली, विल्सनबाईंनी तिची गाणी गाऊन तिला मानवंदना दिली. सोबत मूळ बिलीचीही दोन गाणी होती. मी दोन्ही ऐकली. बिलीचा आवाज बारीक, किंचित थकलेला, ठेक्याच्या जरासा मागे रेंगाळणारा. विल्सनबाईंचा आवाज खर्जातला, दाट. चालीसुद्धा ओळखू येऊ नयेत इतक्या बदललेल्या.

नातू म्हणाला, "आजी, हिला बिलीसारखं गायचंच नाहीये. मग ही मानवंदना कसली?"

मला हसू आलं. हाच प्रश्न मी पन्नासेक वर्षांपूर्वी राजारामपुरीत, आमच्या आठव्या गल्लीतल्या घरात आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकला होता. फक्त गायक वेगळे होते.

आप्पा बालगंधर्वांचे भक्त. भक्त हा शब्द मी विचार करून वापरते आहे. आता कोल्हापूर म्हणजे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं गाव. केशवराव १९२१ च्या ऑक्टोबरात ऐन तिशीत गेले. त्याआधी तीनच महिने मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं होतं. त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. आप्पा तेव्हा अकरा वर्षांचे. त्या प्रयोगाच्या गोष्टी ऐकतच ते मोठे झाले. पुढे गावातली त्यांची सगळी मित्रमंडळी केशवरावांची बाजू घ्यायची आणि आप्पा एकटे नारायणरावांची. त्यांचा ठेवणीतला मुद्दा असा, की अरे, नारायणरावांना घडवलं ते आपल्याच शाहू महाराजांनी. मिरजेच्या मिशन इस्पितळात त्यांच्या कानावर उपचार कुणी करवले? मग १९०५ साली ते किर्लोस्कर कंपनीत शकुंतला म्हणून उभे राहिले. 'मानापमान'च्या चाली कुणाच्या? कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. म्हणजे बालगंधर्वही आपलेच! यावर समोरचे गप्प बसत नसत, हे सांगायला नकोच.

आमच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि बालगंधर्वांच्या चौदा तबकड्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. मी आठ-नऊ वर्षांची असताना आप्पा मला त्यासमोर बसवायचे. ओळ ऐकायची, सुई उचलायची, ओळ म्हणायची. हरकत चुकली की सुई पुन्हा मागे. वर्षभरात मी इतकी हुबेहूब गायला लागले की गल्लीच्या गणपतीत माझ्या गाण्याची फर्माईश व्हायची. आप्पा पहिल्या रांगेत डोळे मिटून बसायचे. त्यांना मी ऐकू येत नव्हते, तबकडी ऐकू येत होती. तेव्हा मला त्याचा अभिमानच होता.

सोळाव्या वर्षी मी एका बाईंकडे रीतसर शिकायला गेले. दोन महिने झाल्यावर त्या म्हणाल्या, "यमनाचा अस्ताई तुझा छान बसलाय. आता दोन आवर्तनं तुझं तू काहीतरी गा." मी तोंड उघडलं आणि आली ती तबकडीतली तान. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच. बाई रागावल्या नाहीत. पण पुढच्या आठवड्यापासून मी जाणं सोडलं. पुढे बी.ए. झाले, शाळेत लागले, मुलांकडून कविता चालीत म्हणून घेतल्या. माझं गाणं तेवढंच.

१५ जुलै १९६७ ला बालगंधर्व गेले. आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यानंतर काही वर्षांनी माझा आतेभाऊ एक मोठी तबकडी घेऊन आला. 'मला उमजलेले बालगंधर्व', गायक कुमार गंधर्व. कुमारांनी याच नावाचा कार्यक्रम साठच्या दशकात केला होता आणि त्यावर बरंच बोललं गेलं होतं. ख्याल गाणारा, त्यातही स्वतःची वेगळी वाट काढलेला माणूस नाट्यपदं गाणार, तीही बालगंधर्वांची! आतेभावाने 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा' लावलं. चाल भास्करबुवा बखल्यांची, राग यमन, नाटक १९१६ सालचं. आप्पांनी ते हजारदा ऐकलेलं. अर्धं व्हायच्या आत ते उठले. "यात नारायणराव कुठे आहेत? हा स्वतःचंच गातोय. मग नाव कशाला त्यांचं घ्यायचं?" म्हणाले आणि बाहेर जनता बाजारकडे चालायला निघून गेले.

मी मात्र जागची हलले नाही. कुमारांबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती. ते मूळचे आपल्या बेळगावकडच्या सुळेभावीचे, शिवपुत्र कोमकळी. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गायचे. त्यावर लोक थक्क व्हायचे, कौतुकाने मिळालेलं 'कुमार गंधर्व' हे नावही त्याच वयातलं. म्हणजे माझ्यासारखेच, अर्थात हजारपटीने मोठे. १९३६ च्या सुमारास ते मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे आले आणि पुढची दहा-अकरा वर्षं तिथे शिकले. नक्कल करायची तर या माणसाइतकी कुणाला साधली असती? बालगंधर्वांचा तो लाडिक स्वर, शब्दावरची ती लडिवाळ हरकत त्यांना सहज काढता आली असती. ती त्यांनी काढली नाही. त्यांनी घेतली ती लय आणि शब्द ठेवण्याची जागा. बालगंधर्व गाताना तालाशी झुंजत नसत. त्यांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवा असत, पण समेवर येताना कुठे आटापिटा ऐकू येत नाही. कुमारांच्या गाण्यात आवाज वेगळा, फेक वेगळी, आणि समेवर येणं मात्र तसंच अलगद.

त्यांनी कार्यक्रमाला दिलेलं नावही बघा. मी मराठी शिकवत असे म्हणून माझं लक्ष तिकडे जातं. समजणं आणि उमजणं हे शब्द आपण जोडीने वापरतो, पण समजावून देता येतं, उमजावून देता येत नाही. आणि त्याच्या आधी 'मला' आहे. आप्पांचे बालगंधर्व आप्पांपाशी राहू देत, हे मला उमजलेले. एवढ्या तीन शब्दांत कुमारांनी आपला दावाही सांगितला आणि त्याची हद्दही. याचा अर्थ हुबेहूब गाणारे कमी प्रतीचे, असं मी म्हणणार नाही. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात आनंद भाट्यांनी त्या गायकीला जवळ जाऊन जे गायलं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पडद्यावर नारायणराव दिसत असताना दुसरं कसं गाणार? पण माझी अडचण वेगळी होती. दुसऱ्याचं गाणं अंगावर घेऊन पुन्हा स्वतःपाशी परत येता येतं, हे मला त्या संध्याकाळपर्यंत कुणी दाखवलंच नव्हतं. तोवर उशीर झाला होता, असो.

आप्पा १९८४ साली गेले. त्याच्या आदल्या वर्षी ते बरेचसे अंथरुणालाच होते. एका दुपारी म्हणाले, "ती कुमारांची तबकडी लाव बघू." मी काही न बोलता लावली. या वेळी त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. पलंगाच्या कडेवर बोटाने ताल धरला होता. संपल्यावर म्हणाले, "नारायणराव इथं श्वास घेत नव्हते. हा घेतोय. का घेतोय?"

मी सांगितलं, की १९४७ साली कुमारांना क्षय झाला, त्यात एक फुप्फुस निकामी झालं. पाच-एक वर्षं गाणं बंद होतं. देवासला पडून होते. तेव्हापासून तुकड्या-तुकड्यांत गायचं ते असं बसवलंय.

आप्पांना हे माहीतच नव्हतं. त्यांना स्वतःला त्या दिवसांत दोन वाक्यं बोलली तरी धाप लागायची. थोडा वेळ ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सम कुठं चुकलेली नाही हं त्याची. पुन्हा लाव."

त्या दुपारी ती बाजू आम्ही तीनदा ऐकली. चौथ्यांदा त्यांनी जुना ग्रामोफोन काढायला लावला आणि त्याच पदाची नारायणरावांची तबकडी ऐकली. केशवरावांच्या नावाचं खासबागेतलं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी जळालं. तेव्हा मला आप्पांची आणि त्यांच्या त्या भांडणाऱ्या मित्रांची फार आठवण आली. त्यांतलं आता कुणीच नाही.

नातवाला मी दोन्ही ध्वनिमुद्रणं पाठवली आहेत. आधी नारायणरावांचं ऐक, मग कुमारांचं, असं बजावलंय. अजून त्याचा फोन यायचा आहे.