स्पोर्ट बाइकसाठी टिकाऊ टायर कसा निवडायचा?

माझ्या आर१५ चा मागचा टायर बदलायची वेळ आली तेव्हा मी दुकानात एकच प्रश्न विचारला, "सगळ्यात जास्त कुठला चालतो?" त्यांनी दिलेला टायर खरंच चालला. पण पहिल्याच पावसात जालना एमआयडीसीतल्या एका वळणावर, ऑइल आणि चिखलावरून मागचं चाक असं सरकलं की बाइक कशीबशी सावरली. तेव्हा कळलं, माझा प्रश्नच अर्धा होता. टायर किती किलोमीटर चालतो यासोबत तो रस्ता किती धरतो, हेही बघावं लागतं.

रबर कडक की मऊ?

कडक रबर हळू झिजतं, पण ओल्या रस्त्यावर पकड कमी देऊ शकतं. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं, पण लवकर संपतं. मधला मार्ग म्हणजे ड्युअल कंपाउंड टायर: मधोमध कडक रबर, कडेला मऊ. सरळ चालवताना मधला भाग झिजतो आणि बाइक वळणात झुकली की कडेचा भाग कामाला येतो. रबरात सिलिका असेल तर ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते.

आपला रस्ता ओळखा

समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे जालना ते छत्रपती संभाजीनगर हे साधारण ६० किमी आपण जुन्या रस्त्यानेच जातो. रस्ता बराचसा सरळ, म्हणून टायर मधोमध सपाट होतो आणि मग बाइक वळणात नीट झुकत नाही. अशा वापराला ट्रॅकसाठी बनवलेला मऊ टायर परवडत नाही. स्पोर्ट-टूरिंग प्रकारचा बरा. शिवाय एमआयडीसीत स्टील मिलची वाहतूक असल्याने लोखंडाचे तुकडे टायरमध्ये घुसतात. ट्यूबलेस टायरचं मधल्या भागातलं छोटं पंक्चर निघतं, पण साइडवॉल फाटली तर टायर बदलायचाच.

टायरवरचा कोड वाचा

आर१५ व्ही४ च्या मागच्या टायरचा साइज १४०/७० आर१७ ६६एच असा आहे.

- १४०: रुंदी, मिलिमीटरमध्ये
- ७०: उंची, रुंदीच्या ७० टक्के
- आर: रेडियल. हा वेगात कमी तापतो आणि स्थिर राहतो
- १७: रिमचा व्यास, इंचात
- ६६: भार क्षमता, ३०० किलो
- एच: वेगमर्यादा, ताशी २१० किमी

साइज कंपनीने दिलेलाच ठेवा. दिसायला भारी म्हणून जास्त रुंद टायर टाकला की त्याच रिमवर त्याचा आकार बिघडतो. भार आणि वेगाचं रेटिंगही मूळपेक्षा कमी घेऊ नका.

पैसे देण्याआधी चार आकडी तारीख शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. फोनने फोटो काढून झूम केला की अंधुक अक्षरंही वाचता येतात. जुना स्टॉक स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. नुसतं पडून राहिलं तरी रबर कडक होतं.

हवा: फुकटातलं आयुष्य

आपल्याकडे उन्हाळ्यात "हवा थोडी कमी ठेव, टायर फुटेल" असं सांगतात. होतं उलटं. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि कडेने लवकर झिजतो. जास्त हवेने मधला भाग लवकर जातो. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. आकडा बाइकवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. चालवून आल्यावर वाढलेलं प्रेशर बघून हवा सोडू नका.

हिशोब किमतीचा नाही, किलोमीटरचा

उदाहरणार्थ, ४,५०० रुपयांचा टायर १५,००० किमी चालला तर किलोमीटरला ३० पैसे. ६,००० चा १२,००० चालला तर ५० पैसे. फरक २० पैशांचा. ओल्या वळणावर तो जास्त वाटतो का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी माझं ठरवलंय.

कधी बदलायचा?

खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, त्यांना टीडब्ल्यूआय म्हणतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. भेगा पडल्या किंवा फुगवटा आला तर खाच शिल्लक असूनही बदला. नवा टायर बसवल्यावर पहिले १५०-२०० किमी जपून चालवा, कारण वरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत पकड कमी असते. बदलायचाच असेल तर पावसाळ्याआधी बदला. पहिल्या सरीची वाट बघू नका.