लठ्ठ उंदराने शिकवलेला धडा

"डॉक्टर, आमच्या घराण्यातच जाडी आहे, मी काय करणार?" आणि "जिभेवर ताबा नाही, दुसरं काय!" ही दोन वाक्ये तुम्हीही ऐकली असतील. पहिले आपण स्वतःबद्दल म्हणतो, दुसरे बहुधा इतरांबद्दल! यातले खरे कोणते?

उत्तरासाठी १९४९ सालात जाऊ. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत काही अतिशय लठ्ठ उंदीर आढळले. एकाच जनुकातील दोषामुळे ते सतत खात आणि इतरांच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे होत. पुढे तिथल्याच डग्लस कोलमन यांनी असा एक उंदीर आणि एक सामान्य उंदीर शस्त्रक्रियेने जोडून त्यांचे रक्त एकमेकांत फिरू दिले. लठ्ठ उंदराची भूक मंदावली, वजन उतरले. म्हणजे सामान्य उंदराच्या रक्तात भूक आवरणारे काहीतरी होते!

ते काय, हे १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधले. ते होते लेप्टिन हे संप्रेरक. चरबीच्या पेशी ते तयार करतात आणि 'साठा पुरेसा आहे' असा निरोप मेंदूला पोहोचतो.

१९९९ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टरांनी एका नऊ वर्षांच्या मुलीची हकिगत प्रसिद्ध केली. तिच्या शरीरात जन्मापासून लेप्टिन तयारच होत नव्हते. वजन होते ९४ किलो! लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर वर्षभरात ते १६ किलोंनी घटले. अशा मुलीला हावरट म्हणणे हा अन्यायच नाही का?

मग सर्वांनाच हे इंजेक्शन का देत नाहीत? कारण असा दोष फारच दुर्मीळ आहे. बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन उलट जास्तच असते, पण मेंदू त्याला दाद देत नाही.

सर्वसामान्यांमध्ये अनेक जनुके थोडा थोडा हातभार लावतात. २००७ मध्ये युरोपीय लोकांच्या अभ्यासात एफटीओ हे असे जनुक सापडले. त्याचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आला, तर वजन सरासरी सुमारे तीन किलो जास्त भरते. २०११ मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून दिसले की, नियमित हालचाल करणाऱ्यांमध्ये या जनुकाचा परिणाम सुमारे पाव भागाने कमी असतो.

२००२ चा अमेरिकेतील अभ्यासही लक्षात ठेवा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहारात बदल, आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि ७ टक्के वजन घटवणे एवढेच उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हा घराण्यात जाडी असेल, तर ती सबब नव्हे, आगाऊ सूचना समजा. रोजचे चालणे आणि ताटातले प्रमाण आजपासूनच सांभाळा. आणि शिस्त पाळूनही एखाद्याचे वजन हळूहळूच उतरत असेल, तर त्याला हिणवू नका. त्याची चढण तुमच्यापेक्षा जास्त उभी असू शकते.