पोहरादेवीचा ‘नंगारा’ बघायला जायचंय? मग मुक्काम कुठे करायचा?

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी नावाचं गाव आहे. देशभरातला बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो, कारण संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. हल्ली मात्र सोशल मीडियावर या गावाचे जे फोटो फिरतात, त्यात बहुतेक वेळा एक भलामोठा नगारा दिसतो.

हा नगारा म्हणजे चार मजली इमारत आहे. बंजारा विरासत संग्रहालय, म्हणजेच ‘नंगारा’ वास्तुसंग्रहालय. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत 13 दालनं आहेत.

इमारतीला नगाऱ्याचाच आकार का? बंजारा समाजाची पूजा, सण आणि नाच नगाऱ्याशिवाय होत नाहीत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या या समाजाने दगडी वाडे किंवा किल्ले बांधले नाहीत. त्याची कला सोबत नेता येईल अशी होती: आरशांचं भरतकाम केलेली काचळी, फेटिया, दागिने, वाद्यं. त्यातलंच एक वाद्य इथे वास्तू होऊन उभं राहिलं आहे, आणि ते बाहेरूनही मनसोक्त बघता येतं. परिसरात सेवालाल महाराजांचा अश्वारूढ पुतळाही आहे. फोटो जरूर काढावेत, पण हे आधी श्रद्धास्थान आहे. समाधीपाशी किंवा पूजा चालू असताना आधी विचारलेलं बरं.

आता प्रश्न मुक्कामाचा. पोहरादेवी लहान गाव आहे, त्यामुळे वाशिम, कारंजा किंवा शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं दिग्रस इथे राहून एका दिवसात जाऊन येणं सोयीचं. वाशिम अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर आहे. तिथून मंगरुळपीर, मानोरा असा रस्ता आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागतं. मात्र परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

यात कारंजा जरा उजवं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान असलेल्या गुरुमंदिराचं भक्तनिवास तिथे आहे. शिवाय जुन्या तटाच्या वेशी आणि काष्ठासंघ जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम, हेही त्याच मुक्कामात बघून होतं.

लॉजमध्ये पैसे देताना एक हिशेब माहीत असावा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे. आधी तो 12 टक्के होता. म्हणजे 900 रुपयांच्या खोलीचे 945 रुपये होतात, 1,008 नाही. लॉजची जीएसटी नोंदणीच नसेल, तर हा कर लावता येत नाही. बिलावर नंबर आहे का, तेवढं बघायचं. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या, मंदिर परिसरातल्या 1,000 रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोलीला जीएसटी माफ आहे.

खोली घेण्याआधी बघून घ्या, गरम पाणी किती वाजता येतं ते विचारा, आणि चेक-आऊट 24 तासांचं की दुपारी 12 चं, तेही. ओळखपत्र मागितलं तर ‘मास्क्ड आधार’ देता येतं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पूर्ण आधारची झेरॉक्स काउंटरच्या खणात पडून राहण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

रामनवमीला पोहरादेवीत मोठी यात्रा भरते. 15 फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती असते. माणसांची कला माणसांसकट बघायची असेल, तर हेच दिवस. फक्त खोली बरीच आधी ठरवावी लागेल. दालनं निवांत बघायची असतील, तर या तारखा टाळा.