थंडी, तंबाखू आणि दख्खनचा हुक्का

थंडीत तंबाखूने अंगात ऊब येते, ही समजूत आपल्या मराठवाड्यात फार जुनी आहे. नांदेड असो की लातूर, शेकोटीभोवती बसलेली माणसे चिलीम वा विडी एकमेकांच्या हाती देतात, तेव्हा त्यामागे नुसती तलब नसते, ही समजूतही असते. युनानी वैद्यकाने तंबाखूचा मिजाज गरम व खुश्क, म्हणजे उष्ण व कोरडा ठरविला. मग थंडीवर हा उतारा आहे, असे लोकांनी मानले तर नवल नाही. परंतु थंडी तंबाखूच्या वासाचे आणि चवीचे नेमके काय करते, आणि ही ऊब खरी किती, हे एकदा तपासून पाहायला हवे.

तंबाखू मुळात इथली नाही. अमेरिकेतून पोर्तुगिजांनी ती आणली आणि उत्तरेच्या दरबारात ती दख्खनमधून गेली. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरला इब्राहीम आदिलशहाकडे आला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४-०५च्या सुमारास रत्नजडित नळीसह ती आग्र्याला नेली. शाही हकिमाने विरोध केला. हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, असे त्याचे म्हणणे होते. बादशहाने एक-दोन झुरके घेतले, पण सवय लावून घेतली नाही. दरबारातील अमीर-उमरावांनी मात्र ती उचलून धरली. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासनेही ती मना केली होती. तिकडे गेलेला मोगल वकील खान आलम याला तिच्यावाचून क्षणभरही राहवत नसे, अशी नोंद खुद्द जहांगीरने केली आहे. बंदी कागदावर राहिली आणि धूर घराघरांत शिरला.

दख्खनने या धुराला एक देखणे भांडे दिले. उदगीरहून जवळच असलेल्या बिदरच्या कारागिरांनी जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे हुक्क्याचे बूड घडविले, त्यावर चांदीचे वेलबुट्टीकाम केले आणि बिदरच्या किल्ल्यातील माती वापरून त्याला काळाभोर रंग आणला. जुनी बुडे गोल, कडीवर ठेवायची असत. पुढे घंटेच्या आकाराची आली. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात असे बिदरी हुक्के आजही पाहायला मिळतात.

हुक्क्यात नुसते पान जळत नसे. तंबाखू कुटून तीत गूळ किंवा काकवी मळत. खमिऱ्यात मसाले व फळांचा गर घालून ते मिश्रण मुरू देत. हे मुरणे उबेवर चालते. गारठ्यात ते मंदावते, काकवी घट्ट होते आणि वासही दबून राहतो. कारण वास म्हणजे पदार्थातून उडून नाकापर्यंत पोचणारे सूक्ष्म कण. हवा गार असली की ते कमी उडतात. म्हणून थंड खोलीत डबा उघडला तर सुगंध फिका वाटतो आणि तोच डबा चुलीजवळ नेला की दरवळतो.

नांदेड-लातुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा बऱ्याचदा १० ते १५ अंशांवर येतो, पण आपली थंडी कोरडी असते. कोकणातल्यासारखी ओल हवेत नसते. तंबाखूचे पान हवेतली ओल घेते आणि हवा कोरडी झाली की सोडते. सुकलेले पान भरभर आणि जास्त तापून जळते, जीभ पोळते, गोडवा हरवतो. चिलमीच्या बुडाला ओली छापी गुंडाळतात, तीमुळे धूर थोडा निवतो. हुक्क्यात हे काम पाणी करते. धातूचे बूड हिवाळ्यात लवकर गार पडते, मग धुरातले जड अंश नळीत व पाण्यात अधिक साचतात आणि चव पातळ होते.

वास मात्र जात नाही. गारठलेली हवा पहाटे जमिनीलगत साचून राहते, धूरही वर चढत नाही. घोंगडी, शाल, लोकरी टोपी तो वास धरून ठेवतात. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, ही हदीसमधली ताकीद अनेक उलेमांनी तंबाखूच्या वासालाही लागू केली. फजरच्या सफमध्ये शेजारच्या माणसाच्या शालीचा वास आला की या ताकिदीचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

आता उबेविषयी. निकोटिनमुळे कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटे अधिकच गार पडतात. जी ऊब जाणवते ती शेकोटीची, निखाऱ्यांची आणि सोबत बसलेल्या माणसांची असते. श्रेय मात्र तंबाखू घेऊन जाते. पाण्यातून गेल्याने धूर निर्दोष होतो, हाही भ्रमच आहे. थंडीसाठी दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांवर हुक्का पेटवला तर कोळशाचा विषारी वायू खोलीत साचतो. त्याला वास नसतो, म्हणून तो अधिक घातक.

नांदेडला हे सांगताना एक गोष्ट आठवते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचा अंत याच शहरात झाला आणि त्यांच्या खालसा पंथाला तंबाखू वर्ज्य आहे. जहांगीरच्या फर्मानाने जे साधले नाही, ते मनापासून पाळलेल्या एका नियमाने साधले. आपल्याकडेही कायदे आहेत. २००३च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्री बंद केली, २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदी आणली. तरीही फळांच्या सुगंधाचा हुक्का निरुपद्रवी असतो, असे आमच्या वर्गातल्या मुलांना वाटते. तो सुगंध म्हणजे जुन्या खमिऱ्याचीच नवी आवृत्ती आहे, हे त्यांना इतिहासाच्या तासाला सांगता येते.

बिदरीची कारागिरी आपला वारसा आहे, ती जपली पाहिजे. आज बिदरचे कारागीर त्याच धातूच्या फुलदाण्या आणि डब्या घडवतात. धुराशिवायही ती कला जगते, आणि शेकोटीभोवतीची संगतही जगू शकते.