पराभूत उमेदवार, न हरलेला संपादक

धामणगाव रेल्वेच्या फलाटावर उभे राहिले की एकीकडे बडनेरा-अमरावती आणि दुसरीकडे वर्धा, नागपूर, भंडारा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील दोन प्रसंग याच मार्गाच्या दोन दिशांना घडले. आम्हा वऱ्हाडच्या मुसलमानांनी ते एकत्र वाचायला हवेत.

पहिला 13 नोव्हेंबर 1927 चा. अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. थोरल्या भावाच्या मृत्यूची तार त्यांना तिथेच मिळाली. त्या काळात ते ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक चालवीत होते. त्याआधी 31 जानेवारी 1920 ला शाहू महाराजांच्या अडीच हजारांच्या मदतीने ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’ने छापली नव्हती. ‘मूकनायक’ बंद पडला. ‘बहिष्कृत भारत’चे रकाने बाबासाहेब बहुतांशी एकहाती लिहीत, तरी पैशाअभावी तेही थांबले. मग 1930 मध्ये ‘जनता’ निघाले. याच 1927 च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जागा दिली, हेही आपण विसरू नये.

दुसरा प्रसंग भंडाऱ्याचा. 1937 मध्ये मुंबई विधानसभेवर निवडून आलेले, 1946 मध्ये बंगालातून घटना समितीत गेलेले बाबासाहेब 1952 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत नारायणराव काजरोळकरांकडून पडले. 1954 मध्ये ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा, मतदाराला मते दोन. आपल्या माणसांनी दुसरे मत वाया घालवावे, म्हणजे फायदा होईल, असे कार्यकर्ते सुचवीत होते. ज्याने राज्यघटना लिहिली त्यानेच मत कुजवायला सांगावे, हे बाबासाहेबांना मान्य नव्हते, अशी आठवण सांगितली जाते. सुमारे आठ हजार मतांनी ते हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले.

पण हरलेल्या उमेदवाराने पत्र बंद केले नाही. 4 फेब्रुवारी 1956 पासून ‘जनता’चेच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्याच वर्षी 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले.

आम्ही प्रत्येक निवडणुकीत आपली मते मोजतो. कोणाला किती तिकिटे मिळाली, कोण पडला, कोणी पाडला, यावर चहाच्या टपरीवर रात्री जागवतो. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांचे एखादे नियतकालिक मात्र वर्गणीदारांअभावी बंद पडते, तेव्हा कोणाला चुटपुट लागत नाही. अल्पसंख्य समाजाला मतपेटीत हार यायचीच. संख्येचा हिशेबच तसा असतो. पण आपले म्हणणे आपल्या शब्दांत, शेजाऱ्याला समजेल अशा भाषेत मांडण्यासाठी बहुमत लागत नाही. वर्गणी लागते, चिकाटी लागते. भंडाऱ्याची जागा गेली. ‘मूकनायक’चे अंक आजही वाचले जातात. आमच्या जमातीने यातले काय उचलायचे, ते आम्हीच ठरवायचे आहे.